ठिबकच्या वेटोळ्यातलं घरटं

आमच्या गॅलरीत ठिबक सिंचनाच्या जुन्या नळीचं एक वेटोळं खिळ्याला टांगलेलं आहे. आमच्या पेठ गावच्या रानातून मुलानं आणलं होतं, पुन्हा लागेल म्हणून. मंचरमध्ये दुसऱ्या मजल्यावर ठिबक कुठं लागणार? पण चांगली वस्तू टाकवत नाही, म्हणून राहिलं. या उन्हाळ्यात त्यात बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं, आणि त्यानंतर जे काही झालं ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. म्हणून लिहून बघते. लिहिलं की कळतं, असं माझी नात म्हणते. ती नुकतीच चौथी पास झाली. माझीही शाळा चौथीपर्यंतच. तेव्हा सध्या आम्ही दोघी एकाच इयत्तेत आहोत. जूनमध्ये ती पुढं जाईल.

मुलगा हायवेवरच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात कामाला आहे, सून एका दवाखान्यात. आमचे हे पेठलाच असतात, बटाट्याचं रान आणि जनावरं बघतात. मी इथं नातीसाठी राहते. माझं सगळं काम गॅलरीत चालायचं. सकाळी कपडे वाळत घालायचे, मग सुपात तांदूळ निवडायचे, दुपारी लसूण सोलत बसायचं. खाली रस्त्यावर कांद्याच्या गाड्यांची गर्दी असते, पण मान वर करून कुणी बघत नाही. मला तेच बरं वाटतं. मी पहिल्यापासून अशी. येडगावला माहेरी पाव्हणे आले की मी गोठ्यात. सासरी लग्नकार्यात मागं, भांड्यांच्या बाजूला. बचत गटाच्या बैठकीत दाराशी. फोटो काढायचा म्हटलं की माझं तोंड आपोआप भिंतीकडं वळतं. माझा सरळ असा एकच फोटो घरात आहे, आधार कार्डावरचा, आणि त्यातही मी कुणावर तरी रागावल्यासारखी दिसते.

सुट्टी लागल्यावर सुनेनं नातीला फोनवरच्या एका वर्गात घातलं. पुण्याची एक ताई मुलांना विज्ञान शिकवते, रोज संध्याकाळी. विषय काय, तर शहरातले जंगली जीव. मला वाटलं, शहरात कसले आलेत जंगली जीव? जंगली म्हणजे आमच्याकडचा बिबट्या. पहिल्याच दिवशी पुण्याच्या एका मुलानं नातीला विचारलंही, "तुमच्या खिडकीतून बिबट्या दिसतो का?" नात म्हणाली, नाही, खिडकीतून टेम्पो दिसतात. सगळी हसली.

पण ताईला बिबट्या नकोच होता. तिला पाल, कोळी, खार, पारवे, मुंग्या असलं हवं होतं. जिथं राहता तिथंच बघा आणि फोनवर सगळ्यांना दाखवा, असं तिचं म्हणणं. नाशिकच्या मुलीनं न्हाणीघराच्या नळामागचा कोळी दाखवला. तो दिवसभर काहीच करत नव्हता, तरी पंचवीस-तीस मुलं त्याच्याकडं बघत होती. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. जे आपण केरसुणीनं काढून टाकतो ते ही पोरांना शिकवते, याचं मला मोठं कोडं पडायचं.

नातीकडं दाखवायला काहीच नव्हतं. ती वर्गात बोलायचीच नाही. ताईनं नाव घेतलं की "आमच्याकडे काही नाही" एवढंच. मला ते ऐकून बरं वाटायचं नाही. ते "काही नाही" माझ्यासारखं होतं.

मग तिला घरटं दिसलं. मी तर रोज त्या वेटोळ्याखाली बसत होते. पाखरं येतात-जातात, केरसुणीच्या काड्या पळवतात, हे मला दिसत होतं, पण त्याचं घरटं झालंय हे लक्षातच आलं नाही. नातीनं स्टुलावर चढून बघितलं. आत तीन अंडी, गुलाबी, वर वाळलेल्या मिरचीच्या बारीक तुकड्यांसारखे ठिपके. त्या संध्याकाळी ती वर्गात जी बोलायला लागली ती थांबेचना. बाकीच्यांचे जीव दिसले तर दिसले, घरटं मात्र दिवसभर दाखवता येण्यासारखं. ताई म्हणाली, जमत असेल तर तिथं एक फोन कायमचा लावू या, मुलं पाळी लावून बघतील, मीही अधूनमधून असेन.

मुलानं त्याचा जुना फोन दिला. त्याचा मागचा कॅमेरा बंद होता, म्हणून पुढचा लावायचा ठरला. म्हणजे काच गॅलरीकडं, आणि काचेत त्या वेळी जी मुलं बघत असतील त्यांची तोंडं, लहान लहान चौकोनांत. खिडकीच्या गजाला तो बांधायला दोरी सापडेना, तेव्हा नातीनं माझ्या परकराची नाडी घेतली. पुण्या-नाशिकच्या मुलांसमोर माझी नाडी लटकणार म्हणून मी कानकोंडी झाले. पण ती त्यांना दिसत नव्हती. त्यांना दिसत होतं वेटोळं, कपड्यांची दोरी आणि त्याखाली मी बसते ती जागा.

ताईनं तीन नियम सांगितले. घरट्याला हात लावायचा नाही. दिसेल तेच लिहायचं, वाटेल ते नाही. आणि घरात रोजचं जसं चालतं तसंच चालू द्यायचं.

दुसऱ्या नियमावरून पहिल्याच दिवशी नातीची वही लाल झाली, म्हणजे पानाचा फोटो पाठवला की ताई फोनवरच लाल खुणा करते तशी. तिनं लिहिलं होतं, "आई बुलबुल प्रेमाने अंड्यांवर बसते." ताईनं विचारलं, "प्रेम दिसलं का तुला? आणि ती आई आहे हे कशावरून? बुलबुलात नर-मादी दिसायला सारखेच. 'मोठा पक्षी अंड्यांवर बसला' असं लिही."

नात मला म्हणाली, "आजी, तुला ती आई वाटते ना?"

"मला तर लेकुरवाळीच दिसती," मी म्हणाले.

"दिसती का वाटती?"

माझी आई विहिरीवर धुणं धूत असताना मी तिच्या पाठीला पाठ लावून बसायचे. ती काही बोलायची नाही. तेव्हा जे होतं ते मला दिसत होतं का वाटत होतं? कुणी बघून लिहिलं असतं तर "बाई धुणं धुते, मूल बसले आहे" एवढंच लिहिलं असतं. तेही खोटं नाही.

तिसरा नियम तर मला पाळताच येईना. रोजचं चालू द्या म्हणजे मी त्या मुलांसमोर लसूण सोलत बसायचं. मी पहिल्या दिवशी गॅलरीच्या दारापर्यंत गेले. काचेत चार-पाच तोंडं होती आणि एका चौकोनात मी स्वतः, अर्धी. मी तशीच मागं फिरले. कपडे गच्चीवर वाळत घालायला लागले. तांदूळ स्वयंपाकघरात निवडायला लागले. गॅलरीतलं काही लागलंच तर पदर तोंडावर ओढून जायचे आणि झटकन आत यायचे.

अंड्यांतून पिल्लं निघाली, तिन्ही. उघडी, लाल, नुसती तोंडं. तोंड उघडलं की आख्खं पिल्लू म्हणजे तोंडच. त्या दिवशी वर्गात एवढी मुलं आली की चौकोन काचेत मावेनात. आणि माझ्या मनात दुसरंच आलं. आपल्याकडं जन्मलेलं लेकरू पाचवी होईस्तोवर कुणाच्या नजरेला पडू देत नाहीत. गालाला काजळ लावतात. इथं तर नाळ तुटल्याबरोबर पंचवीस-तीस जण टक लावून बसलेले.

मी नातीला हळूच विचारलं, "मोबाईलमधून दृष्ट लागती का गं?"

तिनं ते तसंच्या तसं वर्गात विचारलं! माझ्या आजीनं विचारलंय म्हणून. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. एक मुलगा हसला. ताई मात्र म्हणाली, "हसू नका. प्रश्न आहे ना? मग तो तपासायचा कसा, ते सांगा."

नाशिकची मुलगी म्हणाली, "एक दिवस कॅमेरा चालू ठेवायचा, एक दिवस बंद. कुठल्या दिवशी पिल्लांना त्रास होतो ते बघायचं."

हसलेला मुलगा म्हणाला, "बंद असेल त्या दिवशी बघणार कुणी?"

त्यावर मुलांचा बराच वेळ वाद झाला. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. एका पोळीचा नकाशा झाला. ताईनंही उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, हे अवघड आहे, डोक्यात ठेवा. मला वाटलं होतं ती "असलं काही नसतं" म्हणेल आणि विषय संपेल. तो काही संपला नाही, तो माझ्याकडंच राहिला.

त्यानंतर एका संध्याकाळी, ऐन वर्ग चालू असताना, कावळा आला. कठड्यावर बसला, मान तिरकी केली, वेटोळ्यावर उडी मारली आणि एक पिल्लू उचलून नेलं. मोठी पाखरं ओरडत त्याच्यामागं गेली. हे सगळं मुलांनी बघितलं. नात आतल्या खोलीत आईच्या फोनवर बघत होती. ती किंचाळली, तेव्हा मी धावले. गॅलरीत तोपर्यंत काही नव्हतं, फोनमधून मात्र कितीतरी मुलं एकदम बोलत होती आणि एक कुणीतरी रडत होतं.

ताईनं सगळ्यांना शांत केलं. म्हणाली, जे दिसलं ते लिहा. आधीचं लिहिलेलंही काढून बघा, कावळा पूर्वी कधी आला होता का.

मुलांनी काढलं. कावळा आधीही कठड्यावर येऊन गेला होता, पण तेव्हा काही नेलं नव्हतं. मग नाशिकची मुलगी म्हणाली, "ताई, कावळा कठड्यावर असताना साडी आली की तो उडून जातो. दर वेळी. आज साडी आली नाही."

साडी म्हणजे मी. मुलांनी मला तसंच लिहिलं होतं. मी पदर ओढून झटकन जायचे ना, त्यांना तेवढंच दिसायचं. साडी आली. साडी गेली. हिरवी साडी आली, केरसुणी घेऊन गेली.

ताई म्हणाली, एवढ्यावरून नक्की सांगता येत नाही. पिल्लं आता ओरडायला लागली आहेत, म्हणूनही कावळ्याला कळलं असेल. पण मुलांचं ठरून गेलं होतं. बुलबुल माणसांजवळ घरटं करतात ते कावळ्याच्या भीतीनंच, असंही कुणीतरी म्हणालं. नात माझ्याकडं आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"आजी, तू आधी तिथंच बसायचीस. म्हणून त्यांनी तिथं घरटं केलं असेल. आता तू बसतच नाहीस."

"मग फोन काढ. मी बसते."

"फोन काढला तर वर्गाला काय दाखवू? माझ्याकडं दुसरं काय आहे?"

"मी बसल्यावर तेवढा बंद कर."

"मग बघितलं कुणी?" ती म्हणाली. "आजी, दोन राहिलीत. बस ना."

मला वाटतं तिनं माझ्याकडं आजवर असं काही मागितलंच नव्हतं. आणि मला ते देता येईना. पाखरांसाठी बसले असते, नातीसाठी बसले असते, पण पाय दारात अडायचे. हे कुणाला सांगून पटण्यासारखं नाही. मुलगा म्हणाला, "आये, तुला कुठं भाषण करायचंय? लसूण तर सोलायचाय!" सून पिशवी ठेवून आत गेली. तिला कळत असावं, किंवा तिला दवाखान्यातून येऊन बोलायची ताकद नसावी.

खाली ज्यांचं किराण्याचं दुकान आहे त्या शेठची आई दिवसभर ओट्यावर बसते. आम्ही तिला बाई म्हणतो. ती सकाळी पारव्यांना ज्वारी टाकते आणि त्यांच्यात मुंगीसुद्धा मारत नाहीत. दूध आणायला गेले तेव्हा मी तिला कावळ्याचं सांगितलं. वाटलं, ती तरी हळहळेल.

"वाईट झालं गं," बाई म्हणाली. "पण त्या कावळ्याच्या घरी पण पिल्लं असतील ना? त्यानं काय ज्वारी नेऊन घालायची?"

"मग काय करायचं वो बाई?"

"मला काय माहीत. मी तर दोघांसाठी हात जोडते." आणि खरंच तिनं हात जोडले, मग गिऱ्हाईक आलं म्हणून आत हाक मारली. मी दुधाची पिशवी घेऊन जिन्यात उभी राहिले. आतापर्यंत कावळा चोर होता. तेही आता राहिलं नाही.

त्याच दिवशी पेठहून ह्यांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. त्यांना पाखरापेक्षा माझीच गंमत वाटली.

"कावळ्याचं एवढं काय? बुजगावणं लाव की."

"गॅलरीत?"

"मग काय झालं! तुजीच साडी नेसव त्याला. कावळं काय, पावणं बी फिरकायचं न्हाईत." आणि खोकला लागेपर्यंत हसले.

ते चेष्टा करत होते. पण मी फोन ठेवला आणि मला एकदम सगळं सोपं वाटायला लागलं. मुलांना मी साडीच दिसत होते. कावळाही साडीलाच उडत होता. मग साडी पुरे की. आतली बाई कशाला हवी?

दुसऱ्या दिवशी सुनेला सुट्टी होती. ती नातीला घेऊन शिंप्याकडं गेली. मी दार लोटून घेतलं. झाडूची लांब काठी, कपडे वाळवायची आडवी काठी, मधे उशी. रानात डोक्याला मडकं लावतात, ते नव्हतं, म्हणून स्टीलचा डबा पालथा घातला. माझी हिरवी साडी त्याला नीट नेसवली, डब्यावरून पदर घेतला. पेठला सासऱ्यांच्या हाताखाली मी किती बुजगावणी बांधली असतील, पण स्वतःचं कधी बांधलं नव्हतं. हात लांब करून, आपण कॅमेऱ्यात येणार नाही असं बघून, ते वेटोळ्याजवळ उभं केलं आणि आत येऊन भाजी चिरायला बसले. फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

नातीनं सकाळी ताईशी बोलायला गॅलरीतल्या फोनचा आवाज मोठा केला होता, तो तसाच राहिला होता. थोड्या वेळानं तिकडून बोलणं ऐकू यायला लागलं.

"ए, आजी आल्या बघ!"

"नमस्कार आजी!"

मी विळीवर थांबले. मला हसू आलं. पुन्हा भाजी चिरायला लागले. कावळा बाहेर कुठंतरी ओरडला आणि लांब गेला. मग बराच वेळ काही नाही. मग मुलांचे आवाज बदलले.

"आजी, जरा बाजूला होता का? पक्षी येत नाहीये."

"तो बघ तारेवर बसलाय. चोचीत अळी आहे. येतच नाही आत."

"पिल्लं किती वेळची ओरडतायत. आजी, प्लीज!"

"त्यांना ऐकायला कमी येत असेल."

"मोठ्यानं बोल ना मग."

"अरे ओरडू नका, पक्षी घाबरेल!"

हे सांगायला तो सगळ्यात मोठ्यानं ओरडला. माझ्या हातातली काकडी तशीच राहिली. बुलबुल येत नाही? रोज तिच्या घरट्याखाली मी याच साडीत बसत होते. तिनं ही साडी शंभरदा बघितली असेल.

मग एक अगदी बारीक आवाज आला. "ताई, आजी हलतच नाहीयेत. त्यांना उभ्या उभ्या काही झालं तर नसेल?"

ताईचा आवाज आला, घाबरलेला. "थांबा, मी तिच्या आईला फोन लावते."

आता सून शिंप्याच्या दुकानात हे ऐकणार, नात ऐकणार की आजीला गॅलरीत काहीतरी झालं. मी उठले आणि पदर न ओढता तशीच बाहेर गेले.

काचेत चौकोनच चौकोन. सगळ्यांची तोंडं उघडी, पिल्लांसारखी. कुणीतरी म्हणालं, "दोन आजी!"

मी बुजगावण्याला हात घातला. घाईनं काठी निसटली, डबा खाली पडून खणखणत कठड्यापर्यंत गेला, उशी एकीकडं, साडी माझ्याच पायात. मुलं हसत होती का ओरडत होती मला कळलं नाही. त्या साडीत पाय अडकला आणि मी माझ्या नेहमीच्या जागी, वेटोळ्याखाली, मटकन बसले. मांडीवर माझी हिरवी साडी, अंगावर दुसरी. मान खाली घातली. वर पिल्लं ओरडत होती. लहान जीवाचं ओरडणं आधी जोरात असतं, मग बारीक होत जातं. तसं ते बारीक होत चाललं होतं.

"आजी, उठू नका," ताई हळू म्हणाली. "सगळे गप्प बसा."

मी उठू शकतच नव्हते. वर बघितलं नाही. पंखांचा फडफडाट झाला, डोक्यावरून वारा गेला, आणि पिल्लांचं ओरडणं एकदम वाढून थांबलं. तोंडात काही गेल्यावर थांबतं तसं.

सून आणि नात धावत जिना चढून आल्या. शिंप्याकडं आईच्या फोनवर नातीनं सगळं बघितलं होतं. मला वाटलं आता ही म्हणणार, सगळ्यांसमोर माझी लाज घालवलीस. ती दारात उभी राहून धापा टाकत म्हणाली, "आजी, डबा का लावलास? उन्हात तो चमकतो!"

त्या संध्याकाळी वर्गात तेवढाच विषय होता. पाखरू डब्याच्या चमकण्याला भ्यालं, का एकाच जागी उभं राहण्याला, का मुलांच्या ओरडण्याला? का काठीच्या उंचीला, कारण मी तर कायम खाली बसते? नाशिकच्या मुलीचं म्हणणं, त्याला आजीचा चेहरा माहीत आहे. ताई म्हणाली, असेलही, पण एका वेळेला एवढ्या गोष्टी बदलल्या की कुठल्या गोष्टीनं काय झालं ते सांगता येत नाही. मी विचार करत होते, पदर ओढून जायचे तेव्हा तरी तिला चेहरा कुठं दिसायचा? आणि मग कावळा नुसत्या साडीला उडाला, बुलबुल नुसत्या साडीला फसली नाही, तर यातलं जास्त शहाणं कोण? मुलांनी शेवटी लिहिलं, "साडी म्हणजे आजी नाही." ताईला ते आवडलं. मी ते दोनतीनदा वाचलं. त्याचा मला आनंद झाला की वाईट वाटलं, हे मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी गॅलरीत बसायला लागले. कुणी म्हणालं म्हणून नाही. एकदा मटकन बसून झालंच होतं, पुन्हा बसायला वेगळं काही लागलं नाही. पहिल्यांदा फोनकडं पाठ करून बसले. पण मग रस्ता समोर यायचा आणि लसणाला उजेड पुरायचा नाही, म्हणून फिरले. मुलं नमस्कार करायची. मी मान हलवायचे. कावळा समोरच्या टाकीवर येऊन बसायचा आणि माझ्याकडं बघायचा. मला शेठच्या आईचं बोलणं आठवायचं आणि मी त्याच्याकडं बघायचं टाळायचे.

रविवारी सकाळी दोनांतलं एक पिल्लू वेटोळ्याच्या काठावर आलं, पंख पसरले आणि गेलं. ते सगळ्या मुलांनी बघितलं, टाळ्या वाजवल्या. दुसरं मात्र उडायच्या नादात माझ्या गुडघ्याजवळ फरशीवर पडलं, तिथून टुणकन कठड्याच्या जाळीवर. ती जागा कॅमेऱ्यात येत नव्हती. आत नात आईच्या फोनवर बघत होती, तिलाही ते दिसेना.

"आजी, कुठं गेलं? आम्हाला फक्त तू दिसतेस!"

काचेतली मुलं सगळी पुढं वाकली. "आजी, काय दिसतंय? सांगा ना."

टाकीवर कावळा होता. मी हललेच तर पिल्लू दचकून खाली रस्त्यावर जाणार, नाही हलले तर कावळा येणार. मी तशीच बसून राहिले आणि बोलले. लोकांसमोर असं बोलायची माझी पहिलीच वेळ असावी. आवाज घोगरा आला.

"हाय इथंच. जाळीवर बसलंय. शेपूट अजून आखूड हाय. अंग फुगवलंय." मग म्हणाले, "माज्याकडं बघतंय."

ताई म्हणाली, "आजी, तुमच्याकडंच बघतंय हे कशावरून?"

मी नीट बघितलं. पाखराचा डोळा डोक्याच्या बाजूला असतो. काळा, ओला, एक ठिपका. त्यात मी असेन, टाकीवरचा कावळा असेल, नाहीतर खालचा कांद्याचा टेम्पो असेल. खूप वेळ बघूनही काही समजेना.

"ते न्हाई कळत," मी म्हणाले.

"बरोबर," ताई म्हणाली. "सगळ्यांनी तसंच लिहा. कुणाकडे बघत होतं ते कळलं नाही."

मुलं लिहायला लागली. माझ्या चौथीत "कळत नाही" म्हटलं की तळहातावर छडी बसायची. इथं ते उत्तर म्हणून लिहून घेत होते.

खालून एक मोठा पक्षी ओरडला. पिल्लू जाळीवरून सुटलं, निम्मं पडत, निम्मं उडत, शेठच्या पत्र्यावर, तिथून शेजारच्या कडुलिंबात. कावळा टाकीवरून उठला, पण दुसरीकडंच गेला. का, ते मला माहीत नाही.

"गेलं," मी म्हणाले. "कडुलिंबात. मोठं बी हाय तिथं."

काचेतल्या लहान लहान चौकोनांतले सगळे डोळे सरळ माझ्यावर होते. किंवा माझ्या डोक्यावरच्या रिकाम्या वेटोळ्यावर असतील. पदर पुढं ओढायला मी हात उचलला, तर बोटं लसणानं चिकट झाली होती. मग हात खाली घेतला आणि उरलेला लसूण सोलायला लागले.